सरका की, उन्ह आलं

आधीच सांगून टाकतो — भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल करत आलो. त्यात नोकरी अशी की असल्या गोष्टींचं मूळ मला कामातच सापडायचं. टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करणं हे माझं काम. जुन्या जालन्यात एका घरी फोन उचलला की पलीकडून एक बाई नुसती रडायची. घरच्यांनी शेवटी फोनला हळदकुंकू वाहिलं होतं, खोटं नाही सांगत! मी गेलो, गल्लीतल्या खांबावरचा डबा उघडला, तर जोडात पाणी शिरलेलं. दोन लाइनी एकमेकींना चिकटल्या होत्या. चार घरं सोडून राहणारी एक नवी सून माहेरी फोन करून रडायची, ते इकडे ऐकू यायचं. जोड कोरडा केला आणि भूत गेलं. त्या पोरीचं रडणं काही गेलं नसेल... पण ते माझं खातं नव्हतं.

तर माझं मत असं की कुठलाही आवाज कोणाच्यातरी तोंडातूनच निघतो आणि शोधला तर सापडतो. आजही मी ते मत बदललंय असं म्हणत नाही. फक्त एक आवाज मला सापडत नाहीये. बराच शोधला, म्हणून आता इथे लिहितोय.

मी राहतो तीर्थपुरीच्या शिवारात, शेतात. घनसावंगी तालुका, जिल्हा जालना. वडिलांच्या वाटणीची थोडी जमीन, त्यात मोसंबीची बाग, आणि रिटायर झाल्यावर बांधलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या. बायको सुनंदा पुण्यात मुलीकडे असते. नात झाली तेव्हा "दोन महिन्यांत येते" म्हणून गेली आणि तिकडेच रमली. भांडण वगैरे काही नाही, रोज संध्याकाळी फोन होतो. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, आज बाळाने काय केलं... आणि मग दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

मी इथे एकटा का राहतो, तर त्याचं एक कारण रेडिओ. हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा वायरलेस. परीक्षा द्यायची, सरकारी लायसन्स काढायचं, आपलं आपलं स्टेशन लावायचं आणि जो भेटेल त्याच्याशी बोलायचं. मला हा नाद लावला जुन्या जालन्यातल्या शांतिलालजींनी. कापडाचं दुकान आहे त्यांचं, घराणं मूळचं राजस्थानचं, पण चार पिढ्या जालन्यातच गेल्या. त्यांच्या दुकानाचा फोन दुरुस्त करायला गेलो आणि गच्चीवरची वायर बघून "हे काय?" म्हणून विचारलं. तिथून सुरू झालं ते आजवर चालू आहे.

शहरात हल्ली रेडिओ ऐकणं अवघड झालंय. घरोघरी इन्व्हर्टर, एलईडी बल्ब, चार्जर — सगळ्यांची खरखर बँडवर उतरते. शेतात ती भानगड नाही. पण शेतात आल्यावर अँटेना टांगायची कुठे, हा प्रश्न आला. चाळीस मीटरच्या बँडला लांबलचक वायर लागते आणि ती जितकी उंच, तितकं चांगलं. माझ्याकडे एका टोकाला जांभूळ होतं. दुसऱ्या टोकाला मात्र माझ्या हद्दीत एकही धड झाड नव्हतं. जे होतं ते बांधाच्या पलीकडे — भानुदासआबांचा कडुनिंब.

हे आबा म्हणजे माझे शेजारी. वय ऐंशीच्या घरात, काटक, अंगात कायम बंडी. शेतातल्या आखाड्यावरच राहायचे — आमच्याकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. तेही एकटेच. मुलगा गणेश संभाजीनगरला कंपनीत. बायको वारलेली, एवढंच मला माहीत होतं. ती कधी वारली, कशी होती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

परवानगी मागायला गेलो तेव्हा आबा झाडाखालीच बसले होते.

"खिळा ठोकनार का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही आबा. नुसती दोरी फांदीवरून टाकायची आणि तिला वायर बांधायची. झाडाला काही होत नाही."

"मंग टाका. अन् ह्याच्यावरून बोलता कोनाशी?"

"जो भेटेल त्याच्याशी. परभणी, नांदेड, कधी केरळ, कधी श्रीलंका."

"वळखीचे असतेत का?"

"नाही, बोलून बोलून ओळख होते."

"घरच्याशी बोलता येतं का ह्याच्यावर?"

"घरच्यांशी फोनवर बोलतो की."

आबांनी जरा विचार केला. "मंग ह्याचा उपेग काय?"

मला हसू आलं.

त्या दिवशी दोघांनी मिळून वायर टांगली. मी गलोलीने शिशाचा गोळा वर मारायचा, गोळ्याला मासे धरायची बारीक दोरी बांधलेली, आणि ती फांदीवरून पलीकडे पडली की तिच्यामागून जाड दोरी ओढून घ्यायची, अशी पद्धत असते. ऐकायला सोपं वाटतं. गोळा कधी फांदीत अडकायचा, कधी भलत्याच बाजूला जायचा. एकदा आबांनी गलोल घेतली आणि गोळा थेट माझ्या मोसंबीत. पार दिवस कलेपर्यंत आमचा हा खेळ चालला. शेवटी बरोबर शेंड्याजवळच्या फांदीवरून दोरी पडली तेव्हा आम्ही दोघे म्हातारे पोरांसारखे ओरडलो. आबांनी चहा केला. तो बहुतेक मी इथे राहायला आल्यापासूनचा सगळ्यात चांगला दिवस असेल.

त्यानंतर मात्र आमचं फारसं बोलणं झालं असं नाही. बांधावर भेट झाली की "बराय का?", "बराय" एवढंच. दोघांनाही एकटं राहायची सवय लागलेली. त्यांचा दिवा लागलेला मला दिसायचा, माझा त्यांना.

आता त्या दिवसाचं सांगतो.

एप्रिल संपत आला होता. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे अकरानंतर माणूस बाहेर दिसत नाही, पाखरूही नाही. जेवून मी रेडिओपाशी बसलो होतो. दुपारी बँडवर लांबची स्टेशनं नसतात, पण जालना-परभणी एवढ्या अंतरात स्वच्छ बोलता येतं. शांतिलालजींनाही दुपारी गिऱ्हाईक नसतं. आमच्या रोजच्या गप्पा चालल्या होत्या. त्यांच्या नातवाने दुकानात बसायला नकार दिला, त्याचं गाऱ्हाणं ते सांगत होते. मग त्यांना कोणीतरी हाक मारली, "पाच मिनिट थांबा विलासभाऊ" म्हणून ते गेले. मी माइक ठेवला आणि हेडफोन तसाच कानावर ठेवून बसून राहिलो. नुसती खरखर.

आणि त्या खरखरीत एक बाई बोलली.

"आवं... सरका की तिकडं."

अगदी साफ आवाज. मोठा नाही, पण जवळचा. हॅम रेडिओवर बायका कमी, त्यात मराठीत बोलणारी, त्यात अशी गावाकडची — मी अशी कधीच ऐकली नव्हती. खरं सांगतो, पहिल्यांदा मला वाटलं सुनंदाच दारात येऊन काहीतरी म्हणाली. मी मागे वळूनही पाहिलं.

पुन्हा आवाज आला. "सरका की. उन्ह आलं."

'सरका' ऐकून मला वेगळंच वाटलं. आमच्यात एखादी फ्रिक्वेन्सी आधीपासून कोणी वापरत असेल तर तो म्हणतो, जरा बाजूला सरका. म्हटलं ही कोणीतरी नवीन लायसन्सवाली असेल, आपण तिच्या जागेवर बसलोय. मी माइक दाबला आणि अदबीने म्हणालो, "माफ करा ताई, फ्रिक्वेन्सी तुम्ही वापरताय का? आपली कॉल साइन सांगता का?" (कॉल साइन म्हणजे लायसन्सवरचं सांकेतिक नाव.)

उत्तर नाही. माइक सोडला की पुन्हा तेच — "आवं..."

कसं सांगू... त्या आवाजात घाबरणं नव्हतं, रडणं नव्हतं. गूढ असं काहीच नव्हतं. रोजचं तेच ते तिसऱ्यांदा सांगावं लागतंय म्हणून बाई जराशी वैतागते ना, तसा तो आवाज होता. हातातलं काम न सोडता बोलल्यासारखा.

मी परत विचारलं. तेवढ्यात शांतिलालजी आले.

"विलासभाऊ, किसको जवाब देऊन राह्यले तुम्ही?"

"ही ताई बोलतेय ना. तुम्हाला येतंय का ऐकू?"

"कोण ताई? मी केव्हाचा आलो. फ्रिक्वेन्सी तो खाली है बिलकुल. तुम्हीच एकटे बोलून राह्यले."

मी माइककडे हात नेला. आणि तेवढ्यात मला पुन्हा ऐकू आलं — "उन्ह आलं अंगावर. सरका."

"हे आत्ता! हे नाही आलं?"

"न्हाई ना भाऊ. आणि तुमचं सिग्नल एकदम पडलं, काय झालं? वायर बघा तुमची. गिरी होगी कहीं."

मी माइक दाबून मीटरकडे पाहिलं. वायर नीट असली तर माइक दाबल्यावर काटा खाली राहतो. तो पार वर चढला होता. म्हणजे शांतिलालजींचं बरोबर होतं, दोरी तुटून वायर खाली आलेली असणार. आणि मग त्या आवाजाचंही मी मनातल्या मनात जमवून टाकलं. वायर कशाला तरी टेकली असेल, कोणाच्यातरी मोबाइलचं नाहीतर लाउडस्पीकरचं काहीतरी शिरत असेल. जोडात पाणी शिरतं तसंच. म्हटलं उन्हं उतरल्यावर जाऊ बघायला.

उठणार नव्हतो मी. बाहेर डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन, आणि वायर काय संध्याकाळीही बांधता आली असती. पण ती बाई काही थांबेना. हेडफोन काढून टेबलावर ठेवला तरी त्यातून बारीक येत होतं. सरका... सरका की... शेवटी वैतागून मी रेडिओ बंद केला, टॉवेल डोक्याला गुंडाळला, दोरीचं भेंडोळं घेतलं आणि बाहेर पडलो.

जांभळाकडचं टोक ठीक होतं. वायरीखालून चालत बांध ओलांडला. वर बघत चालत होतो. वायर ताणलेली, जशी बांधली तशीच. कडुनिंबाच्या शेंड्याजवळची दोरीही जागच्या जागी. काहीच तुटलं नव्हतं. आता काटा का चढला म्हणून मी मान खाली केली आणि मला आबांचा पाय दिसला.

खोडाच्या पश्चिमेला ते कुशीवर पडले होते. चप्पल एकीकडे, पाण्याची कळशी उलटी. सकाळी झाडाची सावली त्या बाजूला असते. ते पडले तेव्हा सावलीतच पडले असणार. पण दुपार कलली तशी सावली खोडाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली होती, आणि ऊन त्यांच्या पायापासून चढत चढत छातीपर्यंत आलं होतं. फक्त तोंडावर तेवढी सावली उरली होती.

उन्ह आलं अंगावर. सरका.

हातातलं दोरीचं भेंडोळं मी तिथेच टाकलं.

पुढचं मी कसं केलं मला नीट आठवत नाही. काखेत हात घालून त्यांना सावलीत ओढलं. ओढताना ते कण्हले, म्हणजे जिवंत होते. ओठ पार फुटलेले. टॉवेल भिजवून अंगावर टाकला, वरच्या रानातल्या पिकअपवाल्याला फोन केला. आधी तीर्थपुरीच्या दवाखान्यात सलाइन लावलं, मग जालन्याला मोठ्या हॉस्पिटलात. सकाळी मुळीत पाय अडकून पडले होते आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. उठता येईना. हाका मारून मारून घसा बसला आणि मग शुद्ध गेली. डॉक्टर मला म्हणाले, "काका, अजून थोडा वेळ उन्हात राहिले असते तर आणून उपयोग नव्हता. तुम्हाला कळलं कसं?"

"वायर बघायला गेलो होतो," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

ऑपरेशन झालं. गणेश धावत आला, माझ्या पाया पडला. मी कोणालाच काही सांगितलं नाही. सुनंदाला फक्त फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्ही उन्हात टोपी न घालता फिरता ना, त्याने होतं असं." मग थोडं थांबून म्हणाली, "एकटे राहू नका हो फार."

आबांना मात्र लपवता आलं नाही. मी भेटायला गेलो होतो, गणेश औषधं आणायला खाली गेला होता. आबा छताकडे बघत म्हणाले, "विलासराव, माझा आवाज तं फुटत नव्हता. तुम्हाला कोनी सांगितलं?"

मी इकडचं तिकडचं बोललो. त्यांनी परत विचारलं. मग मी सांगून टाकलं. बाईचा आवाज, रेडिओवर, सगळं.

"काय म्हनली?"

"म्हणाली... आवं, सरका की तिकडं. उन्ह आलं अंगावर."

आबांनी मान माझ्याकडे वळवली. "उठा न्हाई म्हनली?"

"नाही. सरका."

डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर उतरत होतं, ते पुसायलाही हात उचलला नाही. मग म्हणाले, "गया हाय ती. आमची गया. दुपारची भाकर खाऊन म्या त्याच झाडाखाली आडवा व्हायचो. ती तिथंच काईतरी निवडीत, शिवीत बसायची. सावली फिरली का म्हनायची, सरका. उठा कधीच न्हाई म्हनली. म्हनायची, झोपा वाईच, नुसतं सरका."

मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार?

"पुन्हा म्हना बरं एकदा. कशी म्हनली ती?"

मी पुन्हा म्हटलं. त्या दिवशी मला ते किती वेळा म्हणावं लागलं, सांगता येत नाही.

गणेश त्यांना संभाजीनगरला न्यायला बघत होता. आबा ऐकेनात. आखाड्यावरच जायचं म्हणून हटून बसले. शेवटी गणेशने रजा टाकली आणि त्यांच्यासोबत येऊन राहिला. आबा वॉकर धरून चालायला लागले, तसे पहिल्याच दुपारी बांध ओलांडून माझ्या खोलीत आले. बांधावर मी आणि गणेशने दोन्ही बाजूंनी धरलं. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लावा."

मी हेडफोन त्यांच्या कानांवर लावला. तीच फ्रिक्वेन्सी, तीच वायर. ते डोळे मिटून बसले. खरखर. मधेच परभणीचा कोणीतरी नांदेडच्या कोणाशीतरी बोलायचा — तुमचा आवाज छान येतोय, इकडे फार ऊन आहे, असं. आबा ते सगळं मन लावून ऐकायचे. सावल्या लांबल्या की हेडफोन काढायचे, "आज न्हाई," म्हणायचे आणि जायचे.

असं रोज चालू झालं. जेवले की आबा हजर. मी शेजारी बसून राहायचो. शांतिलालजींनाही मी सगळं सांगितलं होतं. ते आपल्या बाजूने ऐकत बसायचे आणि मधूनच हळूच विचारायचे, "कुछ आया?" काही नाही. माझ्याही कानांना पुन्हा ते ऐकू आलं नाही. दोरी ओढून बघितली, सैल करून बघितली, काटा परत कधी वर चढला नाही.

रजा संपत आली तसा गणेश एकदा बाहेर मोसंबीत माझ्यापाशी आला. चांगला मुलगा आहे, पण वैतागला होता.

"काका, तुमचे उपकार मी जन्मात फेडू शकत न्हाई. पण हे काय लावलंय? ते इथून हलायला तयार न्हाईत. मी नोकरी सोडू का? एकटं ठेवून जाऊ का परत?"

"मी काय करू सांग."

"त्यांना सांगा की तो दुसऱ्या कोणाचा आवाज होता. कुठलंतरी स्टेशन लागलं असेल, कोणाचं बोलणं शिरलं असेल. तुम्ही म्हणलात तर ते ऐकतील. बिलकुल ऐकतील." मग त्याचा आवाज खाली आला. "काका... आईच होती का हो? तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "गणेश, मी तिला कधी पाहिलंही नाही रे."

त्या रात्री झोप लागली नाही. गणेशचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आबा आले, खुर्चीत बसले. मी हेडफोन हातातच धरून ठेवला.

"आबा, मी विचार करत होतो. कधी कधी काय होतं, लांबचा कुणाचा तरी आवाज—"

"गणेशनं सांगितलं का?"

मी खाली बघितलं.

"ऱ्हाऊ द्या. तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई," आबा म्हणाले. "म्या जानार हाय त्याच्यासंगं. पोराला किती तरास देऊ? काल रातीच म्या ठरिवलं. पन एक सांगा मला विलासराव, तुम्ही शिकलेले, ह्या आवाजायच्या लाइनीतच सारी नोकरी केली."

"विचारा."

"म्या तिथंच पडेल व्हतो. तिच्याच झाडाखाली. कान माझे बराबर हायेत, पानं पडलेलं आयकू येतं मला. शुद्ध जायच्या आधी किती टाइम म्या जागा व्हतो. मला काईच न्हाई आयकू आलं. एक शब्द न्हाई." त्यांनी माझ्या हातातल्या हेडफोनकडे बघितलं. "माझ्याशी बोलायचं तं तुमच्या कानात कामून बोलली ती? चाळीस वर्सं संसार केला. तुम्हाला वळखतबी नव्हती. मला कामून न्हाई म्हनली?"

बाहेर मोसंबीत वारा नव्हता, पान हलत नव्हतं. तुमचा जीव वाचावा म्हणून, असं म्हणता आलं असतं. तुमच्याने सरकवत नव्हतं, म्हणून सरकवणाऱ्याला सांगितलं, असंही. पण आबांना ते कळत नव्हतं असं थोडंच आहे? त्यांना जीव वाचल्याचं काही नव्हतं. त्यांना तो आवाज हवा होता, आणि तो मला मिळाला होता — ज्याला त्याची गरज नव्हती त्याला.

"मला नाही माहीत, आबा," एवढंच मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हेडफोन मागून घेतला आणि सावल्या लांबेपर्यंत ऐकत बसले. त्यानंतर दोन दिवसांत गणेश त्यांना घेऊन गेला. गाडीत बसताना त्यांनी झाडाकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघून हात जोडले.

आता खरंखोटं तुम्हीच ठरवा. मी माझ्या परीने सगळं तपासलंय. वायर, केबल, जोड, आसपासची मोबाइलची टॉवरं, आखाड्यावरचा आबांचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर. माझ्याच मनाचा खेळ म्हणावा, तर गयाबाई नवऱ्याला 'उठा' न म्हणता 'सरका' म्हणायच्या हे माझ्या मनाला कुठून कळणार? आणि काटा शांतिलालजींना न दिसताही त्यांनी माझं सिग्नल पडलेलं ऐकलंच ना? मला उत्तर सापडलेलं नाही. सापडेल असं आता वाटतही नाही. आबांच्या प्रश्नाचं तर मुळीच नाही.

आखाड्याला कुलूप आहे. तिकडचा दिवा लागत नाही. वायर मात्र कडुनिंबावर तशीच आहे, आबांनी फोनवर बजावून सांगितलंय, काढायची नाही.

दुपारी जेवण झालं की त्यांचा फोन येतो. गणेशचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, सून कामाला जाते, घरात ते एकटेच असतात.

"आलं का काई?"

"नाही आबा."

"बरं. जरा तसंच धरा."

मी हेडफोन काढून स्पीकर चालू करतो आणि मोबाइल त्याच्यासमोर धरतो. खरखर चालू असते. ते तिकडे ऐकतात, मी इकडे. कोणीच काही बोलत नाही. "ठेवतो" म्हणायची आबांना सवय नाही, त्यामुळे त्यांनी फोन कधी बंद केला ते मला कळत नाही. बराच वेळ मी तो तसाच धरून बसलेला असतो.